रसिक, शौकीन आणि प्राध्यापक : मराठी वाङ्मयीन वर्तुळातील क्रिकेटप्रेम

मराठीत नाटकाला रसिक असतो, कवितेला रसिक असतो, गाण्याला दर्दी असतो आणि कुस्तीला शौकीन असतो. क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याला मात्र मराठी वृत्तपत्रांनी ‘क्रिकेटरसिक’ म्हटले. हा शब्द आज इतका सरावाचा झाला आहे की त्यातील नवल कोणाला जाणवत नाही. फडात मांडी घालून निकाली कुस्ती पाहणारा माणूस, डाव आणि प्रतिडाव यांची सूक्ष्म जाण असूनही, बहुधा शौकीनच राहिला. लाकडी बाकावर बसून पाच दिवसांचा कसोटी सामना पाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र काव्यशास्त्राच्या परंपरेतील प्रतिष्ठित संज्ञा आली. काव्याच्या नित्य परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो सहृदय, असा अभिनवगुप्ताचा अभिप्राय मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर वर्गात सांगितला जातो. तो सांगणारा अध्यापक तास संपवून प्राध्यापक-कक्षात येतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो धावसंख्येचा. या दोन रसिकत्वांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, आणि असल्यास वाङ्मयाच्या अभ्यासाने त्याची दखल का घेतली नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मैदानांवरून पाहिला तर त्याचे उत्तर सोपे वाटते. तेथे लेखक, प्राध्यापक आणि खेळाडू एकाच आळीत राहत, एकाच जिमखान्यात जात. कळमेश्वरसारख्या ठिकाणाहून पाहिले म्हणजे त्यातील गुंतागुंत ध्यानात येते. नागपूरपासून वीस-बावीस किलोमीटर अंतरावरील, नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव संत्र्याच्या पट्ट्यात मोडते. पुढे पोलादी पत्र्याच्या कारखान्यामुळे त्याला औद्योगिक रूप आले. कळमेश्वर, काटोल, सावनेर, उमरेड या परिसरातील महाविद्यालयांत शिकविणारे पुष्कळ अध्यापक नागपुरातून रोज ये-जा करीत आले आहेत. सामन्याच्या दिवसांत गाडीतील वा बसमधील त्यांच्या चर्चेचा एक विषय विद्यापीठाचा अभ्यासक्रम असे आणि दुसरा भारताचा डाव. दोन्ही विषयांत एक साम्य होते : दोन्हींचे निर्णय दुसरीकडे कोठेतरी होत आणि येथील माणसाकडे राहत असे ते त्यांचे रसग्रहण.

प्रथम भाषेचा विचार करणे इष्ट ठरेल, कारण क्रिकेटप्रेमाने मराठीला जे दिले त्याचा सर्वांत भक्कम पुरावा शब्दसंग्रहात आहे. क्रिकेटची मराठी परिभाषा ही एका व्यक्तीची किंवा एखाद्या समितीची निर्मिती नव्हे. वृत्तपत्राचे उपसंपादक, आकाशवाणीचे समालोचक, शाळेतील मास्तर आणि मैदानावरची मुले अशा अनेक हातांनी ती घडली. म्हणूनच तिच्यात मराठी समाजजीवनाचे निरनिराळे थर एकमेकांवर बसलेले दिसतात. 

‘गोलंदाज’ हा शब्द पाहावा. मोल्सवर्थच्या कोशातील गोलंदाज तोफ डागणारा आहे. मराठ्यांच्या तोफखान्यातून तो उठला आणि चेंडू हाती घेऊन मैदानावर आला. त्याच्या नमुन्यावर ‘फलंदाज’ घडविला गेला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा शब्द सदोष आहे, कारण ‘अंदाज’ या फार्सी प्रत्ययाचा अर्थ फेकणारा असा आहे आणि फळी फेकणारा फलंदाज सहसा बादच होतो! परंतु भाषा व्युत्पत्तीपेक्षा नादाला अधिक मानते. ‘बिनीचा फलंदाज’ या प्रयोगातील ‘बिनी’ म्हणजे सैन्याची आघाडी. पेशवाईतील बिनीवाले ज्या पदावरून ओळखले गेले तेच हे पद. गोलंदाजीचा ‘मारा’ होतो, गडी ‘तंबूत’ परततो. बखरीची रणभूमी विसाव्या शतकाच्या क्रीडापानावर अशी पुन्हा अवतरली आहे.

दुसरा थर आखाड्याचा. ‘पायचीत’, ‘त्रिफळाचीत’, ‘यष्टिचीत’, ‘धावचीत’ या सर्व शब्दांतील ‘चीत’ ही कुस्तीची देणगी आहे. पाठ टेकवून पडणे हा तिचा मूळ अर्थ. ‘डाव’ हा शब्दही कुस्ती, पत्ते आणि सोंगट्या यांच्या सामाईक मालकीचा. ज्या कुस्तीच्या प्रेक्षकाला रसिक ही पदवी मिळाली नाही, तिच्याच शब्दांवाचून क्रिकेटरसिकाला एकही गडी बाद करता येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘गडी’ आणि ‘भिडू’ हुतूतू, आट्यापाट्या, विटीदांडूच्या अंगणातून आले. ‘पंच’ गावच्या पारावरून आले आणि पाचाचे दोन झाले तरी नाव सोडीनात. ‘बाद’ हिशेबाच्या वहीतून आले. 

तिसरा थर संस्कृतच्या वर्गाचा. यष्टी, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण, निर्धाव षटक हे शब्द ज्याने व्याकरण घोटले आहे अशाच्या हातचे दिसतात. ‘शतक’ या शब्दाची कथा त्याहून रम्य आहे. भर्तृहरीची तीन शतके आणि अमरूचे शतक ही संस्कृत मुक्तककाव्याची मानचिन्हे. भर्तृहरीच्या शतकांचा मराठी अवतार वामनपंडिताने घडविला. तोच शब्द सुनील गावसकरांच्या शंभर धावांसाठी वापरताना मराठी वाचकाला कधी अडखळल्यासारखे झाले नाही. संख्येने बांधलेली आणि तरीही प्रत्येक घटक स्वतंत्रपणे आस्वादता येणारी रचना, हे काव्यशतकाचे लक्षण फलंदाजाच्या शतकालाही बरेच लागू पडते. ‘षटक’ मात्र एकदा अडचणीत आले होते. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंची ‘ओव्हर’ टाकली जाई. आठ चेंडूंच्या षटकाचे वर्णन करणे ही व्याकरणाची थट्टाच होती.

या परिभाषेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ‘गडी’ म्हणजे पुरुष. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्या अंतिम सामन्याच्या मराठी वर्णनाला महिलांचेही ‘गडी’ बाद करण्यावाचून किंवा सरळ ‘विकेट’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसरे असे की ही भाषा प्रायः छापील आहे. मैदानावरचा मुलगा ‘बॅटिंग कोणाची’ असेच विचारतो. ‘फलंदाजी कोणाची’ असे विचारणारा मुलगा आढळणे कठीण. बोलीतील क्रिकेट आणि छापील क्रिकेट यांच्यातील ही फट भाषाभ्यासकाच्या दृष्टीने दोषास्पद नसून उद्बोधक आहे. नागर मराठी आणि वऱ्हाडी-नागपुरी बोली यांच्यातील फट ज्यांना वर्गात रोज ओलांडावी लागते, अशा अध्यापकांना तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

संस्कृतचा वर्ग आणि क्रिकेटचे मैदान यांचा संयोग केवळ शब्दांत झाला नाही. तो एका व्यक्तीत मूर्तिमंत झाला. प्रा. दिनकर बळवंत देवधर (१८९२–१९९३) हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबई जिमखान्यावर त्यांनी १४८ धावा काढल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक स्पर्धा जिंकली. मुंबईविरुद्ध २४६ धावांची खेळी त्यांनी केली तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांनी उत्तर दिले, असा तो सामना. 

देवधरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ते बहुतेक क्रीडालेखनाच्या अंगाने. महाविद्यालयीन जीवनाच्या अंगाने पाहिले तर त्यांचे उदाहरण एका जुन्या समजुतीला छेद देते. अध्यापकाचे क्रिकेट म्हणजे व्यासंगातून चोरलेला वेळ, ही ती समजूत. विद्वत्तेला एकाग्रता हवी आणि खेळाला उसंत, असे मानणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. दिवसभर खेळपट्टीवर उभे राहून एकेका चेंडूचा स्वतंत्र विचार करणे आणि एकेका श्लोकाचा अन्वय लावणे या दोन्हींना लागणारी चित्तवृत्ती फारशी भिन्न नाही. देवधर हा अपवाद होता हे खरेच. परंतु तो मराठी मध्यमवर्गाला विसंगत वाटला नाही, यात त्या वर्गाच्या अभिरुचीची खूण आहे. त्याच वर्गाने क्रिकेटला रसिक हा शब्द बहाल केला आणि कुस्तीला दिला नाही.

येथे प्रश्न जातीचा होतो, आणि तो टाळून क्रिकेटप्रेमाचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पालवणकर बंधूंची कथा आता परिचित आहे. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर पुण्यात प्रथम मैदानाची राखण करीत आणि गोऱ्या खेळाडूंना सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची ख्याती झाल्यावर हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. तथापि चहापानाच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर आणि वेगळ्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. संघाचे नेतृत्व त्यांना कधी रीतसर मिळाले नाही. १९२० साली याच प्रश्नावरून त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी चौरंगी सामन्यातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले.

या इतिहासात एक प्राध्यापक आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करीत होते. तरुण आंबेडकरांना बाळूंविषयी नितांत आदर होता आणि त्यांच्या सत्काराच्या खटपटीत ते पुढे होते. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि आंबेडकर विजयी झाले. आदर आणि विरोध एकाच व्यक्तीच्या ठायी, एकाच व्यक्तीविषयी, कोणताही लाघवीपणा न करता नांदू शकतात, याचे हे उदाहरण आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात आंबेडकरांनी राजकारणातील भक्तीविषयी जो इशारा दिला, त्याच्याशी हे वर्तन सुसंगत आहे. समीक्षकाचे रसिकत्व याहून वेगळे काय असते? आवडत्या कवीची फसलेली कविता फसली असे म्हणता येणे, ही अवघड गोष्ट साहित्याच्या वर्तुळात आजही क्वचित आढळते. क्रिकेटच्या वर्तुळात ती रोज घडते. आवडत्या फलंदाजाने बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट लावली की त्याचा कट्टर चाहताही त्याला क्षमा करीत नाही.

यातून मराठीच्या अभ्यासक्रमाशी थेट संबंध असलेला एक मुद्दा निघतो. विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मकथन १९४८ साली प्रसिद्ध झाले. दलित आत्मकथनांचा विचार करताना मराठीचे अभ्यासक सामान्यतः दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) आरंभ करतात, प्र. ई. सोनकांबळे आणि लक्ष्मण माने यांची आत्मकथने त्यापाठोपाठ येतात. त्याच्या तीस वर्षे आधी एका अस्पृश्य मानलेल्या खेळाडूने स्वतःचे जीवन मराठीत लिहून प्रसिद्ध केले, ही घटना वाङ्मयेतिहासात नोंदविण्यासारखी होती. तिचा सर्वांत सखोल उपयोग केला तो रामचंद्र गुहा या इतिहासकाराने, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात. ‘बलुतं’ची परंपरा आणि ‘माझे क्रीडा-जीवन’ यांना एका माळेत ओवावे असे येथे सुचवावयाचे नाही. विद्रोहाची जाणीव आणि यशस्वी खेळाडूचे आत्मवृत्त यांच्या प्रेरणा वेगळ्या असू शकतात, आणि तो वेगळेपणा तपासणे हेच अभ्यासाचे काम आहे. परंतु ‘क्रीडा’ हा शब्द शीर्षकात असल्यामुळे ग्रंथालयात हे पुस्तक साहित्याच्या कपाटाऐवजी खेळाच्या कपाटात जाते आणि साहित्याचा विद्यार्थी त्या कपाटाकडे वळत नाही. वर्गीकरणाचा एक अंक वाङ्मयेतिहासाचे एक प्रकरण अडवून ठेवतो.

आता पुन्हा विदर्भाकडे वळता येईल. नागपूरला क्रिकेटचा वारसा नव्हता असे नव्हे. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार सी. के. नायडू ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरातच जन्मले. त्यांचे घर तेलुगूभाषक. (विटीदांडूत विदर्भातील मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी जी मोजणी करीत तीही तेलुगूचीच आठवण.) १९६९ च्या ऑक्टोबरात नागपुरात पहिला कसोटी सामना झाला, त्यात न्यूझीलंडने भारताला १६७ धावांनी हरविले. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, म्हणजे नायडूंच्या जन्मदिनी, याच शहरात विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने लागोपाठ तीन फलंदाजांचे त्रिफळे उडविले आणि गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक काढले. परिसरातील अध्यापकांच्या एका पिढीला हा दिवस स्वतःच्या नेमणुकीच्या तारखेइतका पाठ आहे.

तथापि असे दिवस थोडे. एरवी विदर्भातील रसिकाचे क्रिकेट हे श्रवणाचे आणि वाचनाचे क्रिकेट होते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, परंतु कसोटी सामन्याचे राष्ट्रीय प्रक्षेपण इंग्रजी आणि हिंदी समालोचकांच्या हाती होते. कळमेश्वरच्या पानठेल्यावर जो ट्रान्झिस्टर वाजे त्यातून ‘बल्लेबाज’ आणि ‘पगबाधा’ ऐकू येत. ऐकणारे आपसांत जे बोलत ते ‘औट’ आणि ‘रन’ यांच्या भाषेत. दुसऱ्या दिवशी नागपूरचे मराठी वृत्तपत्र आले की त्याच प्रसंगाचे ‘फलंदाज’ आणि ‘पायचीत’ झालेले असत. म्हणजे एकच चेंडू तीन भाषिक रूपांतून जाई. समालोचन ऐकून मनाशी प्रसंग रचणे, मित्रांशी बोलताना तो बोलीत उतरविणे आणि सकाळी छापील मराठीत तो पडताळणे ही अनुवादाची आणि पाठभेदाची एक अनौपचारिक शाळाच होती. पाठचिकित्सा शिकविणाऱ्या अध्यापकांनी तिच्याकडे त्या दृष्टीने पाहिले नाही, एवढेच.

मुंबई-पुण्याकडे परिस्थिती निराळी होती. तेथे स्थानिक सामन्यांचे मराठी धावते वर्णन बाळ ज. पंडितांनी लोकप्रिय केले. ते स्वतः रणजी सामने खेळलेले. वि. वि. करमरकरांनी १९६२ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला स्वतंत्र आणि मानाचे पान मिळवून दिले, आणि क्रिकेटइतकेच कबड्डी, खो-खो व कुस्ती यांना तेथे स्थान दिले. शौकीन आणि रसिक यांच्यातील भिंत मराठीत कोणी पाडण्याचा यत्न केला असेल तर तो करमरकरांनी. शिरीष कणेकर व द्वारकानाथ संझगिरी यांनी क्रिकेटवर लिहिताना ललितगद्याची सर्व आयुधे वापरली. कणेकरांच्या लेखनात चित्रपटसंगीत आणि क्रिकेट या दोन व्यसनांची सरमिसळ आहे, आणि त्यात स्मरणरंजनाचा अतिरेकही आहे. करमरकर व कणेकर २०२३ मध्ये आणि संझगिरी २०२५ मध्ये निवर्तले. मराठी ललितगद्याच्या इतिहासात या लेखनाला जागा द्यावयाची की नाही, याचा निर्णय वृत्तपत्रांची जुनी पाने जीर्ण होण्यापूर्वी होणे आवश्यक आहे.

विदर्भातील रसिकाची आणखी एक अडचण होती. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत १९५७-५८ पासून स्वतंत्रपणे खेळत असला तरी येथील माणसाच्या तोंडी नावे असत ती मुंबईच्या खेळाडूंची. वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर ही माळ कळमेश्वरातही तितक्याच आपुलकीने जपली जाई. साहित्यातही असेच होते. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून कार्यरत होता, नागपूर विद्यापीठही त्याच वर्षाचे. माडखोलकरांसारखा कादंबरीकार-समीक्षक नागपूरच्या ‘तरुण भारत’चा संपादक होता. तरीही साहित्याचा कौल मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांतून येतो, ही भावना येथील लेखकांत खोलवर होती. जो आपला संघ नव्हे त्याच्यावर जिवापाड प्रेम करणे, ही विदर्भीय रसिकत्वाची दुखरी बाजू आहे.

या अवस्थेला एक दूरचे पण नेमके प्रतिरूप कॅनडाच्या साहित्यात सापडते. तेथे बर्फावरील हॉकी या खेळाला भारतातील क्रिकेटचे स्थान आहे. रॉक कारिये या क्यूबेकच्या फ्रेंच लेखकाची हॉकीच्या स्वेटरची कथा १९७९ साली प्रसिद्ध झाली. खेड्यातील सर्व मुले मॉन्ट्रियल संघाच्या मोरिस रिशार या खेळाडूची भक्त. एका मुलाची आई त्याच्यासाठी मोठ्या पेढीकडून टपालाने स्वेटर मागविते आणि पेढी पाठविते तो टोरांटोच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी व इंग्रजी भाषक शहराच्या, संघाचा. आईला पेढीचा रोष नको असतो. मुलाला तो अंगात घालून मैदानावर जावे लागते. कथा विनोदी आहे, मुलांना वाचून दाखविण्याजोगी आहे, आणि तरीही भाषिक अल्पसंख्य समाजाची सारी कुचंबणा तिच्यात आहे. तिच्यातील काही शब्द पुढे कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर छापले गेले. केन ड्रायडन हा मॉन्ट्रियलचा गोलरक्षक कायद्याचा पदवीधर होता. १९८३ सालच्या त्याच्या हॉकीविषयक पुस्तकाला तेथील वाचक उत्तम गद्याचा नमुना मानतात. पॉल क्वारिंग्टनने एका वृद्ध हॉकीपटूवर ‘किंग लिअर’ची सावली पडलेली कादंबरी लिहिली (१९८७). तेथील प्राध्यापकांनी या साऱ्याचा अभ्यास केला तो खेळाचे कौतुक म्हणून नव्हे. आपण कोण आहोत हा प्रश्न त्या समाजाने ज्या जागी उभे राहून विचारला ती जागा म्हणून त्यांनी हॉकीकडे पाहिले.

मराठीत कारियेच्या कथेच्या तोडीची क्रिकेटकथा विदर्भातून यावयास हवी होती. तिची सामग्री येथे भरपूर होती. ती का आली नाही याचे एक कारण असे दिसते की येथील सुशिक्षितांनी आपले क्रिकेटप्रेम लेखनविषय होण्याच्या योग्यतेचे मानलेच नाही. मराठीत प्राध्यापकी जीवनाचे सर्वांत विस्तृत चित्रण भालचंद्र नेमाडे यांच्या १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या चांगदेव चतुष्टयात आहे. गावोगावच्या महाविद्यालयांतील जातींचे ताणेबाणे, संस्थाचालकांची मनमानी, तरुण अध्यापकाचे एकाकीपण हे सारे त्यात आहे. त्या मार्गाने पुढे जाणाऱ्या कादंबऱ्यांनीही प्राध्यापक-कक्षातील राजकारण टिपले. मात्र ज्या गोष्टीने त्या कक्षात एकमेकांशी न बोलणारी दोन माणसे काही तासांपुरती बोलती होत, ती गोष्ट मराठी कादंबरीने क्वचितच गंभीरपणे हाताळली. वेतनश्रेणी, जात आणि गट यांनी विभागलेल्या त्या खोलीत धावसंख्या ही एकमेव सामाईक भाषा असे. आणि सामायिकपणाचा हा देखावा कितपत खरा व कितपत वरवरचा, हा कादंबरीकाराने घेण्याजोगा विषय होता. ज्या अध्यापिका त्या चर्चेपासून दूर बसत त्यांच्या दृष्टीने तर ती कदाचित आणखी एक बंद खोली असेल.

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला हरवून विदर्भाने रणजी करंडक प्रथमच जिंकला. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात लागोपाठ तीन बळी घेतले. पुढच्या वर्षी जामठा येथे सौराष्ट्राविरुद्ध आणि २०२४-२५ च्या हंगामात तेथेच केरळविरुद्ध विदर्भाने हे यश पुन्हा मिळविले. साठ वर्षे दुसऱ्याचा स्वेटर घालून मैदानावर गेलेल्या रसिकाला स्वतःच्या संघाचा स्वेटर मिळाला, तोवर कसोटी आणि रणजी सामन्यांच्या बाकांवरील गर्दी ओसरली होती. जामठ्याचे मैदान शहरापासून दूर, वर्धा मार्गावर. आणि वीस षटकांच्या सामन्यांच्या काळात चार-पाच दिवस बसून पाहणारा रसिक विरळा झालेला. 

परिभाषाही आता पालटते आहे. दूरचित्रवाणीवरील मराठी समालोचन छापील मराठीपेक्षा बोलीला जवळचे आहे; ते ‘क्षेत्ररक्षण’ म्हणत नाही, ‘फिल्डिंग’ म्हणते, आणि मधूनच एखादी म्हण पेरते. या बदलाबद्दल हळहळ व्यक्त करण्यापेक्षा तो नोंदविणे अगत्याचे आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, म्हणजे क्रिकेटची मराठी परिभाषा घडत असतानाच. आज कळमेश्वर किंवा काटोल येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी विषय हवा असेल तर त्याने गावच्या मैदानावर महिनाभर कान उघडे ठेवून बसावे आणि ऐकलेले शब्द त्या कोशाशी व जुन्या वृत्तपत्रांशी ताडून पाहावेत. छापील परिभाषेत ज्यांना जागा मिळाली नाही असे शब्द त्याला तेथे भेटतील, आणि काही ओळखीचे शब्द नव्या संदर्भात. शून्यावर बाद होण्याला मराठीत ‘भोपळा’ म्हणतात. तो गणिताच्या उत्तरपत्रिकेवरून मैदानात गेला. ‘रडीचा डाव’ गल्लीतून संपादकीयात गेला. ‘लिंबूटिंबू’ म्हणजे ज्याला खेळात घेतात पण ज्याचे बाद होणे मोजत नाहीत असा लहानगा. दुबळ्या संघाला लिंबूटिंबू म्हणण्याची क्रीडापानांची रीत आहे, आणि २०१७ पूर्वीच्या विदर्भ संघालाही ही उपाधी चिकटण्यासारखीच होती. या शब्दाचा उगम कोणत्या खेळात आणि कोणत्या भागात, याचा शोध घेण्यास मैदानावरील मुलांपासून आरंभ करता येईल.